चुलीवर नॉनस्टिक नको

परवा सूर्यमाळची एक सून दवाखान्यात आली. अंगात रक्त कमी. बोलता बोलता कळले, सासूबाईंची लोखंडी तवा-कढई माळ्यावर, आणि लग्नात आलेली नॉनस्टिक भांडी चुलीवर!

नॉनस्टिकचे अस्तर म्हणजे १९३८ साली लागलेला टेफ्लॉनचा शोध. मंद गॅसवर, लाकडी उलथन्याने अंडे किंवा घावन करण्यास हरकत नाही. तेलही कमी लागते. परंतु सुमारे २६० अंश सेल्सिअसपुढे हे अस्तर बिघडू लागते. त्याहून फार तापल्यास निघणारा धूर फुप्फुसांना बाधतो. चुलीचा जाळ गॅससारखा आवरता येत नाही, हे गृहिणींना मी काय सांगावे!

लोखंडी भांड्यातून थोडे लोह अन्नात उतरते. कोरड्या भाकरीत अगदी किंचित, आंबट कालवणात अधिक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कढई हे काही औषध नव्हे. रक्त तपासावे, आपल्या भागात सिकलसेलचीही तपासणी करावी आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. पण माळ्यावरची कढई आजच खाली काढावी.