गाडी तापते, कंपनी थंड राहते

धरमपेठेत मे महिन्यात भर दुपारी एखाद्याची गाडी वाफा सोडत उभी राहिली की बघे एकच वाक्य बोलतात, "नागपूरचं ऊन आहे, तापणारच!" मला हे वाक्य मान्य नाही. नागपूरचे ऊन काल आलेले नाही. 23 मे 2013 रोजी इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. भारतात गाड्या विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला हे ऊन ठाऊक आहे. तरीही एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांचा रेडिएटरचा पंखा उन्हाळ्यात बंद पडत असेल, तर दोष उन्हाचा नाही. तो पंख्याचा आहे, आणि पंखा बसवणाऱ्याचा आहे.

हा पंखा काही शोभेसाठी नसतो. गाडी महामार्गावर वेगात असते तेव्हा समोरून येणारी हवाच रेडिएटरला थंड करते. पंख्याची खरी गरज लागते ती वेस्ट हायकोर्ट रोडच्या गर्दीत, लक्ष्मीभुवन चौकात, गोकुळपेठ बाजाराजवळ, म्हणजे गाडी उभी आणि एसी चालू असताना. एसीचा कंडेन्सरही रेडिएटरच्या पुढेच असतो, त्याची उष्णताही याच पंख्याने ओढून घ्यायची. मोटर, रिले, सेन्सर, यातले काहीही गेले की पंखा थांबतो. वेळीच लक्ष गेले नाही तर हेड गॅस्केट जळते, हेड वाकते आणि पंख्याचे काम इंजिनवर जाते.

प्रत्येक बिघाड कंपनीच्या माथी मारता येणार नाही. कोणी कूलंटऐवजी नळाचे पाणी भरतो, कोणी बाहेरून वायरिंग जोडून घेतो. पण माझ्या गाडीचा पंखा दोन उन्हाळ्यांत दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा काम अधिकृत वर्कशॉपमध्येच झाले होते. पहिल्यांदा उत्तर मिळाले, "वॉरंटी संपली." दुसऱ्यांदा मिळाले, "या मॉडेलमध्ये हे येतंच, साहेब." येतंच! म्हणजे त्यांना माहीत आहे. जॉब कार्डावर मात्र एवढेच लिहिले, 'फॅन मोटर बदलली.' माहिती त्यांच्याकडे, बिल माझ्याकडे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 2012 मध्ये वाहन कंपन्यांच्या संघटनेने, सियामने, रिकॉलची ऐच्छिक संहिता आणली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सरकार आता कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकते आणि 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड करू शकते. कागदावर सगळे उत्तम आहे. पण सरकार हलते ते तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोहोचल्यावर, आणि नियम लागू होतो तो सात वर्षांच्या आतल्या गाडीला.

या दोन अटींत कोण मरतो? ज्याने पाच-सहा वर्षे चाललेली गाडी सेकंडहँड घेतली तो. टॅक्सी चालवून घर चालवणारा. तो अधिकृत वर्कशॉपला जात नाही, त्याला ते परवडत नाही. तो मोमिनपुऱ्यातल्या मिस्त्रीकडे जातो. मिस्त्रीला कोणत्या मॉडेलचा पंखा कधी जातो हे तोंडपाठ असते, पण ते कुठल्याच सरकारी आकड्यात येत नाही. कंपनीचे पत्र गेलेच तर पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. ई-चलान मात्र बरोबर आजच्या मालकाच्या मोबाईलवर येते! दंड वसूल करायला मालक सापडतो, मग त्याला धोका कळवायला का सापडत नाही?

"तापणे म्हणजे काही ब्रेक फेल होणे नव्हे," असे कंपनीवाले म्हणतील. 2012 च्या अखेरीस अमेरिकेत फोर्डने सुमारे 89 हजार गाड्या परत बोलावल्या. कारण हेच, इंजिन जास्त तापून आग लागण्याचा धोका. तिथे मालकांच्या तक्रारी कोणालाही वाचता येतात आणि रिकॉलची दुरुस्ती 15 वर्षांपर्यंत फुकट मिळते. आपल्याला सातच वर्षे का? आपले ऊन सौम्य आहे म्हणून?

मालातला ऐब लपवून विकला तर सौदा मोडण्याचा हक गिऱ्हाइकाला आहे. फिक्हमध्ये याला 'खियार-उल-ऐब' म्हणतात. बकरी विकणाऱ्याला जो नियम लागू, तो आठ-दहा लाखांची गाडी विकणाऱ्याला का नको?

सरकारकडे मागणी सरळ आहे. सातची पंधरा वर्षे करा, मॉडेलवार तक्रारी जाहीर करा आणि रिकॉलची सूचना आजच्या मालकाच्या मोबाईलवर पाठवा. तोवर आपणही नुसते बिल भरून घरी येऊ नये. बिघाडाचे कारण जॉब कार्डावर लिहून मागा, जुना सुटा भाग परत मागा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते, पाच ते दहा लाखांत घेतलेल्या गाडीसाठी फी 200 रुपये आहे. मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नका. मिस्त्रीभाईंनाही विनंती आहे, पंखा बदलून दिल्यावर गिऱ्हाइकाला एवढे नक्की सांगा की असा पंखा तुम्ही या आधी किती गाड्यांत बदलला. तो आकडा ऐकला की तक्रार करायला कोणाला समजवावे लागणार नाही.