तळ्यातील माशांचा श्वास

यमुना आणि हिंडन या नद्यांच्या मध्ये वसलेल्या नोएडा परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते, तर जानेवारीत ते ५ अंशांच्या आसपास उतरते. या दोन्ही टोकांचा ताप माणसांप्रमाणेच तळ्यात पाळलेल्या माशांनाही होतो. उत्तर प्रदेशात ग्रामसभेची तळी मत्स्यपालनासाठी पट्ट्याने दिली जातात. अशा तळ्यातील रोहू, कटला व मृगळ ही एखाद्या कुटुंबाची वर्षभराची पुंजी असते आणि ती एका पहाटेत नाहीशी होऊ शकते. महाराष्ट्रात शेततळ्यांत मासे वाढवणाऱ्या वाचकांनाही हा धोका टळलेला नाही.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मासे कल्ल्यांवाटे घेतात. परंतु पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहतो. ३० अंशांना साडेसात, तर ३५ अंशांना जेमतेम सात. उलट पाणी तापले की माशाच्या शरीराचे व्यवहार वेगाने चालतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. मिळकत घटावी आणि त्याच वेळी खर्च वाढावा, अशी ही स्थिती होय.

दिवसा पाण्यातील सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तेही तो वापरते. म्हणून सूर्योदयापूर्वी तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आभाळ भरून आले, किंवा न खाल्लेले खाद्य तळाशी कुजू लागले, की संकट बळावते. मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षातील विधींनंतर मासे मरून तरंगल्याचे प्रकार अनेक वर्षी घडले, ते पाण्यात टाकलेले अन्न असेच कुजल्यामुळे.

लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असल्यास मासे सुखाने वाढतात. तो ३ च्या खाली गेल्यास त्यांची तगमग सुरू होते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तो रोग समजून औषध टाकण्याची घाई करू नये. खाद्य व शेणखत तत्काळ थांबवावे आणि पंपाने तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे उडवावे. कूपनलिकेचे पाणी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असते. परंतु त्यात प्राणवायू थोडा असल्याने ते उंचावरून पडू द्यावे.

हिवाळ्यात प्राणवायूची चणचण कमी भासते. पण पाणी २० अंशांखाली गेले की माशांची भूक मंदावते, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि अंगावर लाल व्रण दिसू लागतात. तेव्हा खाद्य कमी करावे. तळ्यात दोन मीटर खोल पाणी राखल्यास थंडी व ऊन दोन्ही सौम्य होतात.

घरातील एकाने रोज दिवस उगवण्यापूर्वी तळ्याकाठी एक फेरी मारावी. माशांची तगमग वेळीच दिसली, तर पंप सुरू करण्यास अजून अवधी असतो.