प्रचारकाचा आठवडा आणि बंद उंबरठा

वाचकहो, धर्मांतराचा दिवस एकच असतो. धर्म पाळण्याचे दिवस मात्र आठवड्याला सात असतात. दीक्षेच्या दिवशी मैदान माणसांनी फुललेले असते, अंगावर शुभ्र वस्त्रे असतात, शरणगमनाचा घोष कानांत घुमत असतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कामधंदा, मुलांची शाळा, बाजारहाट आणि शेजाऱ्यांची तीच जुनी नजर समोर उभी राहते. नव्या धम्माने माझ्या सोमवारात कोणता पालट घडविला, मंगळवारात कोणता घडविला, हा प्रश्न त्या वेळी प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने स्वतःस विचारावयास हवा. त्याचे उत्तर शोधताना दुसऱ्याच्या अंगणात डोकावून पाहण्यास हरकत नाही. आपण ज्याचे अनुयायी नाही, ज्याचे सिद्धान्त आपल्या बुद्धीस पटत नाहीत, अशा एका पंथाच्या तरुण प्रचारकाचा आठवडा आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि टाकण्यासारखेही आहे.

हा पंथ म्हणजे अमेरिकेतील मॉर्मन पंथ. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. छळामुळे पश्चिमेकडे सरकत गेलेल्या या लोकांनी पुढे युटा प्रांतात आपले बस्तान बसविले. या पंथाचा प्रचार मुख्यतः पगारी धर्मोपदेशकांच्या हाती नाही. गृहस्थांची मुले व मुली ऐन विशीच्या सुमारास आपले शिक्षण व नोकरी बाजूस ठेवून प्रचारकार्यास निघतात. तरुण दोन वर्षे देतात, तरुणी दीड वर्ष देतात. २०२४ च्या अखेरीस असे ७४ हजारांहून अधिक प्रचारक जगभर काम करीत होते. कोणी कोठे जावे हे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे नसते. मंडळाचे पत्र येते, त्यात देशाचे नाव असते आणि तो देश मुकाट्याने पत्करावयाचा असतो.

ज्याला परकी भाषा शिकावयाची असते तो प्रथम काही आठवडे शिक्षणकेंद्रात जातो. युटातील प्रोव्हो येथे असे मोठे केंद्र आहे आणि तेथे पन्नासहून अधिक भाषा शिकविल्या जातात. शेतकऱ्याचा किंवा दुकानदाराचा मुलगा थोडक्या आठवड्यांत दुसऱ्या लोकांच्या भाषेत आपले म्हणणे मांडू लागतो. लोकांना उपदेश करावयाचा तर लोकांच्या बोलीतच केला पाहिजे, हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. तथागतांनी पंडितांची भाषा न वापरता जनसामान्यांच्या बोलीतच आपला धम्म सांगितला होता.

आता ब्राझीलमधील एखाद्या शहरात नेमलेला अमेरिकन तरुण डोळ्यांपुढे आणा. सकाळी साडेसहा वाजता तो उठतो. व्यायाम, न्याहारी, ग्रंथाचे वाचन, जोडीदाराबरोबर अभ्यास आणि पोर्तुगीज भाषेचा सराव यांत सकाळ जाते. मग पांढरा सदरा, गळ्यात टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून दोघे बाहेर पडतात. दोघे कधी वेगळे होत नाहीत, कारण जोडीदाराची साथ सोडावयाची नाही असा नियमच आहे. ब्राझीलमध्ये पुष्कळ ठिकाणी दारावर थाप न मारता फाटकाशी उभे राहून टाळी वाजविण्याची रीत आहे. तशी टाळी वाजवीत ते रस्त्यामागून रस्ते पालथे घालतात. कोणी नकार देते, कोणी फाटक उघडीतही नाही. कोणी प्रेमाने आत बोलावून कॉफीचा छोटा पेला पुढे करते. हा देश कॉफीचा आणि यांच्या पंथात कॉफी, चहा, दारू व तंबाखू वर्ज्य. म्हणून यजमानाचे मन न दुखविता 'नको' म्हणण्याची कला त्याला पहिल्याच आठवड्यात साधावी लागते. दुपारचे जेवण बहुधा पंथातील एखाद्या कुटुंबाच्या घरी होते. रात्री मुक्कामावर परतावयाचे, उद्याचा बेत लिहावयाचा आणि साडेदहाला दिवा मालवावयाचा.

आठवड्यातून एकदा दोघे समोरासमोर बसून पुढील सात दिवसांचा आराखडा करतात. कोणाकडे पुन्हा जावयाचे, कोण आजारी आहे, कोणाचे घर हलविण्यास हात लावावयाचा, हे सारे नावानिशी लिहिले जाते. जोडीदारांत खटके उडाले असतील तर ते याच बैठकीत बोलून मिटवावयाचे असतात. रविवार उपासनेचा. आठवड्यातील एक दिवस तयारीचा असतो. त्या दिवशी कपडे धुणे, केस कापणे, खोली झाडणे, बाजारहाट करणे आणि घरी पत्र लिहिणे ही कामे उरकतात. पूर्वी वर्षातून दोनच वेळा, नाताळात आणि मातृदिनी, घरच्यांचा आवाज ऐकावयास मिळे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्यास घरी बोलण्याची मुभा मिळाली. त्याआधीच्या पिढ्यांतील आईबापांनी दोन दोन वर्षे केवळ पत्रांच्या आधारावर काढली.

खर्च कोणी सोसावयाचा? तरुणाने स्वतः आणि त्याच्या घराने. लहानपणापासून मुले त्यासाठी पैसे साठवितात. जुलै २०२० पासून अमेरिकन कुटुंबास यासाठी दरमहा ५०० डॉलर भरावे लागतात. मुलगा स्वस्त देशात गेला वा महाग देशात गेला तरी रक्कम तीच राहते, म्हणजे देशाच्या महागाईचा भार एकाच घरावर पडत नाही. याखेरीज पंथातील कुटुंबे आपल्या मिळकतीचा दशांश मंडळास देतात. ज्याची स्वतःच्या खिशाला झळ लागत नाही त्या धर्माविषयी माणसाला फारशी आस्था राहत नाही, हे या लोकांनी ओळखले आहे.

येथवर वाचून आपण म्हणाल, "केवढी ही शिस्त! केवढा हा त्याग!" आम्हीही तेच म्हणतो. परंतु शिस्त हा गुण स्वतः आंधळा आहे. ती ज्या कार्यास जुंपली जाते त्यावरून तिचे मोल ठरते. या तरुणाच्या आठवड्याची दुसरी बाजू आम्ही आता सांगणार आहोत. ज्यांच्या पूर्वजांनी गावाबाहेर दिवस काढले त्या आपल्या घरांनी ती विशेष लक्ष देऊन ऐकावी.

या पंथात मुलगा बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्यास पौरोहित्याची पहिली पायरी मिळते, आणि पुरुषाचे सारे धार्मिक अधिकार त्यातून उगवतात. १८५२ साली त्यांचा पुढारी ब्रिगहॅम यंग याने जाहीर केले की, आफ्रिकी रक्ताच्या पुरुषास हा अधिकार नाही. कृष्णवर्णीयास बाप्तिस्मा घेता येई, दशांश भरता येई, प्रार्थनागृहात बसता येई. पण पौरोहित्य नाही, प्रचारक म्हणून जाणे नाही, आणि मंदिरातील ज्या विधींवर त्यांचा मोक्षाचा भरवसा तेही नाहीत. बंधुभगिनींनो, ही भाषा आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? देव तुमचाही आहे, पण गाभारा तुमचा नाही! वर्गणी द्या, पण पायरीवरच थांबा! समुद्रापलीकडे रंगाच्या नावाने जे चालले तेच येथे जन्माच्या नावाने चालत आले.

ब्राझीलसारख्या देशात, जेथे गोरे, काळे व मूळ रहिवासी यांची रक्ते शतकानुशतके मिसळली आहेत, तेथे हा नियम पाळावयाचा कसा? येथे प्रचारकाच्या शिस्तीचे विद्रूप रूप दिसू लागते. १९२८ साली तेथे काम सुरू झाले ते जर्मन वस्त्यांतून. पुढे पोर्तुगीज भाषेत प्रचार सुरू झाल्यावर प्रचारकांना लोकांचे वंश तपासण्याचे काम लागले. आजी-आजोबा कोठून आले असे ते विचारीत, घरातील छायाचित्रे पाहावयास मागत, नाकाची व केसांची ठेवण न्याहाळीत. एकोणीस वर्षांचा तो सालस मुलगा पहाटे उठून प्रेमाचा धर्म वाचत असे आणि दुपारी फाटकाशी उभा राहून माणसाचे रक्त मोजीत असे. त्याच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. त्याला तसे शिकविले होते आणि तो शिस्तीने तसे करीत होता, एवढेच. याहून भयंकर दुसरे काय असू शकते?

नायजेरियात तर उलटेच घडले. तेथील लोकांनी पुस्तके वाचून, कोणी प्रचारक न येताच, या पंथाच्या मंडळ्या स्थापन केल्या आणि 'आमच्याकडे या' अशी पत्रे अमेरिकेस धाडली. १९६० नंतर काम सुरू करण्याचा प्रयत्न झाला. पण कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या एका नायजेरियन विद्यार्थ्यास या वर्णभेदाचा पत्ता लागला आणि त्याने १९६३ साली मायदेशीच्या वृत्तपत्रात तो उघड केला. नायजेरियाच्या सरकारने प्रचारकांना परवाने नाकारले. स्वाभिमानी राष्ट्राने द्यावयाचे ते उत्तर त्या राष्ट्राने दिले.

जून १९७८ मध्ये ही बंदी उठली. तत्पूर्वी सहा वर्षे, १९७२ साली, रिओ द जानेरो येथील एल्व्हेसिओ मार्टिन्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सहकुटुंब या पंथात आले होते. साओ पावलो येथे मंदिर उभे राहत होते. आत पाऊल टाकण्याची आशा नसतानाही या कुटुंबाने त्या कामी हातभार लावला. बंदी उठली तेव्हा त्यांच्या मुलाचे, मार्कसचे, लग्न ठरलेले होते. त्याने ते पुढे ढकलले आणि तो प्रचारकार्यास निघाला. बंदी उठल्यानंतर असा निघालेला तो पहिला कृष्णवर्णीय प्रचारक होय. पुढे १९९० साली त्याचे वडील या पंथाच्या वरिष्ठ अधिकारपदावर नेमले गेले. नायजेरियातही नोव्हेंबर १९७८ मध्ये प्रचारक पोहोचले आणि वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांना बाप्तिस्मा मिळाला. ज्या सिद्धान्तांनी ही बंदी सजविली गेली होती ते आपण मानीत नाही, असे मंडळाने २०१३ साली लेखी प्रसिद्ध केले. एकशेसव्वीस वर्षे बंद राहिलेले दार एका दिवसात उघडता आले, म्हणजे ते त्याआधीही उघडता आले असते. आजही तेथील तरुणी दीड वर्ष घराघरांतून उपदेश करते, पण बाप्तिस्मा देण्याचा अधिकार तिला नाही. एक दार उघडले, दुसरे अजून बंदच आहे.

आता हा आरसा आपण आपल्याकडे वळवू या. तथागतांनी वाराणसीजवळ आपल्या पहिल्या साठ अर्हतांना बहुजनांच्या हितासाठी निरनिराळ्या वाटांनी जाण्यास सांगितले. एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे बजावले. माणसे थोडी होती आणि दुःख फार होते. त्यांच्या संघात न्हावी उपालीस शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, जेणेकरून राजपुत्रांनी त्यास वंदन करावे. जातीची चौकशी न करता उघडणारे दार ते हेच. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सभेच्या मासिकात लिहिताना भिक्खू संघाच्या रचनेत व ध्येयात बदल व्हावा आणि जागतिक बौद्ध मिशन स्थापन व्हावे, असे स्पष्ट प्रतिपादन केले. नागपूर येथे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग देण्यास सांगितले. मॉर्मन कुटुंब दहावा भाग देते. आपण विसावा तरी देतो काय?

आणि त्याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. आपल्या वस्तीत धम्माचा प्रचार करणारा तरुण कोणकोणत्या घरांत जातो? जी जात जुन्या उतरंडीत आपल्याहून खाली मानली गेली, तिच्या उंबरठ्याशी त्याचे पाऊल अडखळते काय? सोयरीक जुळविताना आपण कुळी व पोटजात विचारतो काय? विचारीत असू तर छायाचित्रे पाहून रक्त मोजणाऱ्या त्या परदेशी मुलात आणि आपल्यात अंतर ते काय राहिले? दीक्षा घेऊन वंशावळ विचारणारा मनुष्य गाभाऱ्याच्या दारावर नवा पहारेकरी होऊन बसला, इतकेच म्हणावयाचे.

म्हणून आमची नवदीक्षित कुटुंबांस विनंती आहे. आपल्या मुलास व मुलीस दोन वर्षे परदेशी धाडा असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ द्या. मुलगा व मुलगी दोघांनाही सारख्याच अधिकाराने द्या. शेजारच्या वस्तीत अभ्यासवर्ग चालवावा, आजाऱ्यास दवाखान्यात न्यावे, म्हातारीचा अर्ज लिहून द्यावा, ग्रंथ वाचून दाखवावा. पाठ केलेली वाक्ये मात्र म्हणून दाखवू नयेत. मॉर्मनांनीही पाठांतराची ती पद्धत २००४ साली सोडली. स्वतःच्या बुद्धीस पटलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि ऐकणाऱ्याने शंका काढली तर आनंद मानावा. जो धम्म स्वतःची परीक्षा करून घ्यावयास सांगतो, त्याच्या प्रचारकाने प्रश्नास भिण्याचे कारण नाही.

आठवडा संपताना घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि दोन गोष्टी वहीत लिहाव्यात. या सात दिवसांत आपण कोणाच्या घरी गेलो? आणि कोणाच्या घरी जाण्याचे टाळले? पहिल्या यादीने आपली शिस्त कळेल. आपण खरोखर धर्मांतर केले आहे की नाही, हे दुसऱ्या यादीने कळेल. ती दुसरी यादी कोरी होईपर्यंत आपली दीक्षा अपुरी आहे, असे समजून चालावे.