शटरचा भाव आणि दाराचे मोल

२०२५च्या डिसेंबरअखेर केंद्र सरकारने पोलादाच्या काही सपाट उत्पादनांच्या आयातीवर तीन वर्षांचे संरक्षक शुल्क अधिसूचित केले. पहिल्या वर्षी १२ टक्के, दुसऱ्या वर्षी साडेअकरा आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के अशी त्याची उतरती श्रेणी आहे. स्वस्त आयातीपुढे देशी कारखान्यांना तग धरता यावा, हा त्यामागचा हेतू. या निर्णयाचे पडसाद उद्योगजगतात उमटले. पण पोलादाचा पत्रा सामान्य माणसाच्या हाताशी रोज येतो तो दुकानाच्या किंवा गाडी ठेवण्याच्या जागेच्या शटरच्या रूपाने. त्या शटरचा भाव नेमका कशाने ठरतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

हा हिशेब मांडायला हैदराबादइतके बोलके शहर दुसरे नाही. या शहरात ‘गॅरेज’ म्हटले की लोकांना गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री आठवतो. स्वतःची गाडी ठेवायची जागा म्हणजे बहुधा इमारतीच्या खांबांमधला तळमजला, अर्थात स्टिल्ट. स्वतंत्र घर असेल तर रस्त्याकडेची एक खोली, आणि पश्चिमेकडच्या कोकापेट, नारसिंगीसारख्या नव्या वसाहतींतील बंगल्यांत मोटारीवर चालणारे, छताखाली सरकणारे दार. बेगम बाजारातील व्यापाऱ्यापासून या बंगल्यांपर्यंत सर्वांना दार हवे आहे. पण ‘दाराला किती पडतील?’ या प्रश्नाला फॅब्रिकेटरकडून पहिले उत्तर प्रश्नाच्याच रूपात मिळते: ‘कितीचा गेज?’

सगळी मेख या शब्दात आहे. शटरचा दर चौरस फुटावर सांगितला जातो, परंतु पोलाद विकत घेतले जाते किलोवर. या दोन मापांमध्ये उभी असते पत्र्याची जाडी. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ आणि २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. एका गाडीपुरते दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच असे ८० चौरस फुटांचे दार घेतले, तर पट्ट्यांच्या कडांचे वळण सोडून नुसत्या सपाट पत्र्याचे वजन १८ गेजमध्ये सुमारे ७० किलो, २० गेजमध्ये ५२ किलो आणि २२ गेजमध्ये ४१ किलो भरते. रंग चढवल्यावर तिन्ही दारे दिसायला सारखीच. ‘शेजारच्याने स्वस्तात बसवून दिले’ या वाक्यामागे बहुतेक वेळा हीच २९ किलोंची तफावत दडलेली असते.

आता आयात शुल्काचा भार पाहू. साधा हॉट रोल्ड पत्रा २०२५ मध्ये टनाला ५० हजार रुपयांच्या आसपास घुटमळत होता. तोच दर धरला आणि नळी, खाचेचे मार्गदर्शक, वरचे झाकण असे सगळे मिळून दाराचे वजन १२० किलो मानले, तर १२ टक्के शुल्काचा पुरेपूर बोजा देशी दरावर पडला तरी किलोमागे सहा रुपये, म्हणजे एका दारामागे जेमतेम सव्वासातशे रुपये वाढतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा महाग असतो, त्यामुळे त्यात हा आकडा थोडा चढेल, इतकेच. ‘सरकारने शुल्क लावले, म्हणून दर वाढवावा लागला’ असे सांगून कोणी हजारोंची वाढ मागत असेल, तर त्या वाढीचे कारण शुल्कापलीकडे शोधावे लागेल.

वस्तू व सेवा कराचा भार याहून कितीतरी मोठा आहे. लोखंडी दारे-खिडक्यांवर १८ टक्के कर आहे. दाराचे मूळ बिल ३० हजारांचे धरले तर कराचे ५,४०० रुपये होतात. २२ सप्टेंबर २०२५पासून करांच्या टप्प्यांची फेरमांडणी झाली. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले, लहान मोटारीही १८ टक्क्यांच्या टप्प्यात आल्या. गाडी स्वस्त झाली, गाडीच्या खोलीच्या भिंती काहीशा स्वस्त झाल्या. दार मात्र होते तिथेच राहिले. लहान कारागिराकडून ‘बिलाशिवाय’ काम करून घेण्याचा मोह इथेच जन्मतो. पाच हजार वाचतात खरे, पण पत्र्याची जाडी, स्प्रिंगची हमी, मोटारीची वॉरंटी यांचा लेखी पुरावा त्याच क्षणी हातातून जातो. पुढे तक्रार कोणाकडे आणि कशाच्या आधारावर करायची, हा प्रश्न उरतो.

जाडीनंतरचा महत्त्वाचा घटक म्हणजे आकार. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत शटरचे वर्णन बारकाईने केलेले आढळते. ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड पट्ट्या, त्या टोकांना अडकवणारी कुलपे, वरची नळी, कंस, उच्च ताणाच्या तारेच्या स्प्रिंगा, आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून कडी लावण्याची सोय. दार दहा चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे १०८ चौरस फुटांच्या पुढे गेले की साखळी आणि दात्यांची यंत्रणा जोडण्याचा जादा दर त्यात वेगळा दिला आहे. एका गाडीचे ८० चौरस फुटांचे दार या मर्यादेच्या आत बसते. दोन गाड्यांसाठी सोळा फूट रुंद दार केले की १२८ चौरस फूट होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे रुंदी वाढवताना केवळ पत्र्याचे चौरस फूट मोजणाऱ्याचा अंदाज चुकतो. मध्ये खांब घेऊन दोन लहान दारे करावीत की एकच मोठे, हा निर्णय बांधकामाच्या वेळीच घेतलेला बरा.

स्प्रिंग हा या यंत्रणेचा प्राण. दाराचे वजन ती तोलून धरते, म्हणून मोठे दारही एका माणसाला एका हाताने उचलता येते. स्प्रिंग वजनाशी जुळलेली नसेल तर दार अर्ध्यावर थांबत नाही, खाली आपटते. बॉल बेअरिंग वाचवले की दार वर्षभरात जड होते. मोटार बसवायची तर तिची ताकद दाराच्या वजनावर ठरते, आणि वीज गेल्यावर हाताने दार उघडण्याची साखळी नसेल तर ती सोय नसून अडचण ठरते. दाराखाली माणूस किंवा मूल आल्यास मोटार थांबवणारा संवेदक ही चैन मानली जाते; वास्तविक मोटारीच्या किमतीतच तो गृहीत धरायला हवा. बंगल्यांमधील छताखाली सरकणाऱ्या दारांत दुहेरी पत्र्याचे, मध्ये फोम भरलेले फलक, रूळ आणि पिळाच्या स्प्रिंगा येतात. त्यांची तुलना शटरच्या चौरस फुटाच्या दराशी करणेच व्यर्थ.

दाराचा भाव प्रदेशागणिकही बदलतो. हैदराबादला सपाट पोलादाचा सर्वांत जवळचा मोठा कारखाना बळ्ळारीजवळ तोरणगल्लूचा. विशाखापट्टणमच्या पोलाद प्रकल्पात प्रामुख्याने सळ्या, तारा आणि बांधकामाचे लोखंड तयार होते, पत्रा नव्हे. तोरणगल्लूच्या भट्ट्यांसाठी लागणारा कोळसा मुरगाव बंदरात उतरतो आणि रेल्वेने घाट चढतो, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. वास्कोच्या घरांवर बसणारी कोळशाची धूळ दख्खनच्या बाजारातील कोणत्याही दरपत्रकात धरलेली नसते. शिवाय हैदराबादच्या कोरड्या हवेत साध्या लोखंडी पट्ट्या रंगावर बरीच वर्षे निभावतात. मडगाव, म्हापशाच्या खाऱ्या, दमट हवेत तेच शटर खालच्या पट्टीपासून गंजू लागते. किनाऱ्यावर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेणे हाच दीर्घकाळात स्वस्त पर्याय, मग सुरुवातीचा दर काही का असेना.

इथवरचा हिशेब रुपयांचा झाला. परंतु हैदराबादने गेल्या काही वर्षांत याच दारांची जी किंमत मोजली, ती कोणत्याही दरपत्रकात मावणारी नाही.

२३ मार्च २०२२च्या पहाटे सिकंदराबादच्या भोईगुडा भागात भंगाराच्या गोदामाला आग लागली. वरच्या मजल्यावर बिहारमधून आलेले कामगार झोपले होते. त्यांची वाट खालच्या गोदामातूनच जात होती आणि खालचे शटर बंद होते, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. अकरा जणांचा मृत्यू झाला. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी नामपल्लीतील बाजारघाट येथे एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर साठवलेल्या रसायनांनी पेट घेतला. तिथे सुरू असलेल्या गाडीच्या दुरुस्तीतून ठिणगी उडाल्याची प्राथमिक माहिती होती. नऊ जण दगावले. १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळच्या गुलजार हौज येथे खाली दुकाने आणि वर घर असलेल्या जुन्या इमारतीत सतरा जणांचा बळी गेला. आत-बाहेर करायला अरुंद अशी एकच वाट होती. तिन्ही दुर्घटनांची कारणे वेगवेगळी असली तरी प्रत्येकीत तळमजल्याचा गोदाम, साठा किंवा व्यापारासाठी झालेला वापर वर राहणाऱ्यांच्या जिवावर बेतला.

नियम नाहीत असे नाही. तेलंगणात आजही आधारभूत असलेल्या ७ एप्रिल २०१२च्या इमारत नियमांनुसार पार्किंगसाठी दाखवलेली जागा अन्य कामासाठी वापरल्यास ते बांधकाम थेट पाडून काढून टाकता येते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागात तर बाहेर पडण्याच्या मार्गावर वर सरकणारे किंवा बाजूला सरकणारे दार बसवू नये आणि ते दार आतून किल्लीशिवाय उघडता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शटर हे दुकान किंवा गाडीची खोली बंद करण्याचे साधन आहे; माणसाने जीव वाचवण्यासाठी वापरायचे ते दार नव्हे. स्टिल्टला शटर लागले की तिथे आधी जुने सामान येते, मग माल येतो, मग भाडेकरू येतो. शटर बसवणारा कारागीर परवाना विचारत नाही, बसवून घेणारा सांगत नाही आणि महापालिकेची नजर वळते ती धूर दिसल्यावर.

यावरचा उपाय मराठी माणसाला नवा नाही. वाड्याच्या आणि गडाच्या भल्यामोठ्या दरवाजात एक लहानसा दिंडी दरवाजा असे. मोठे दार बंद असतानाही माणसाला ये-जा करता यावी, ही त्यामागची साधी समज. आजच्या शटरमध्येही असा छोटा दरवाजा बसवता येतो. अधिक चांगले म्हणजे शेजारच्या भिंतीत बाहेर उघडणारे स्वतंत्र दार ठेवता येते. दाराच्या एकूण खर्चात त्याने थोडीफार वाढ होते. दरपत्रकातून कात्री लावताना पहिला नंबर मात्र त्याचाच लागतो, कारण चोर आत येऊ नये याची धास्ती रोजची असते, आणि आत अडकलेला माणूस बाहेर कसा पडेल हा विचार आग लागेपर्यंत सुचत नाही.

गोव्याने हैदराबादकडे परक्या शहराची बातमी म्हणून पाहण्याचे दिवस संपले आहेत. ६ डिसेंबर २०२५च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत पंचवीस जणांचे प्राण गेले. मृतांमध्ये बहुसंख्य तिथेच राबणारे कर्मचारी होते. बाहेर पडण्याच्या अरुंद वाटा आणि तळघरात अडकलेली माणसे हे चित्र भोईगुड्यापेक्षा फार निराळे नव्हते. पणजी, मडगाव, वास्कोच्या बाजारपेठांत खाली शटर आणि वर माणसे अशा इमारती कमी नाहीत. त्यांपैकी किती ठिकाणी शटर हीच रात्रीची एकमेव वाट आहे, याची पाहणी पालिका व पंचायतींनी परवाना नूतनीकरणाच्या वेळी केली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

नवे दार घेणाऱ्याने दरपत्रकात जाडी गेजमध्ये नव्हे तर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी, दाराचे एकूण वजन मागावे, स्प्रिंग आणि बेअरिंगची हमी बिलावर घ्यावी, मोटार असेल तर वीज गेल्यावर दार हाताने उघडून पाहावे. आणि शेवटी आत उभे राहून, शटर खाली ओढून घेऊन, एकदा पाहावे: किल्ली हाताशी नसताना आणि दिवे गेलेले असताना इथून बाहेर कुठून पडायचे? या प्रश्नाचे उत्तर भिंतीतल्या लहानशा दाराने मिळत असेल, तर दरपत्रकातील ती ओळ खोडण्याचा मोह आवरावा.