एबीएसचा दिवा विझवू नका, निदान विका!

गॅरेज टाकायचं ठरवलंय, स्कॅनर घेतलाय, आता "स्कॅनिंग फ्री"चा बोर्ड लावायचाय? थांबा. माझं स्पष्ट मत आहे: तपासणी फुकट दिली की गॅरेजचा धंदा आणि गिऱ्हाइकाचा जीव, दोन्ही धोक्यात येतात.

आधी बाजार बघा. आपल्याकडे कारच्या नवीन मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. १२५ सीसीच्या वरच्या बाइकनाही तेव्हाच. त्या गाड्यांची वॉरंटी आता संपली. म्हणजे त्या कंपनीच्या वर्कशॉपमधून निघून तुमच्या-आमच्या दारात येणार. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव पट्ट्यात तर कामगारांच्या गाड्या रोज पुणे-नगर रस्त्यावर अवजड ट्रकांच्या मध्ये धावतात. तिथे अचानक ब्रेक दाबला की चाक लॉक न होता स्टिअरिंग हातात राहणं, हेच एबीएसचं काम.

आता फुकट तपासणीत काय होतं? स्कॅनर लावला, सी-००३५ कोड आला, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. झालं, "सेन्सर बदला". कारण तपासणीचे पैसे नाहीत, कमाई पार्टवरच करायची! पण कोड म्हणतो त्या चाकाच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सेन्सरच गेलाय असं तो म्हणत नाही. कपलरमध्ये पाणी असेल, वायर घासून तुटली असेल, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल, टोन रिंगला तडा असेल. काही गाड्यांत ही रिंग बेअरिंगमध्येच चुंबकाच्या रूपात असते. नवीन बेअरिंग उलटं बसलं की सिग्नलच येत नाही. सेन्सर कितीही बदला, दिवा परत लागणार.

मी स्वतः स्पेअर पार्ट विकतो, तरी सांगतो, पार्ट सगळ्यात शेवटी. क्रम असा ठेवा:

१. चावी फिरवल्यावर दिवा लागून काही सेकंदांत विझतो का? मुळीच लागत नसेल तर कोणीतरी बल्ब काढला असेल.
२. बॅटरीचा व्होल्टेज, फ्यूज, ब्रेक ऑइल, चारही टायरची साइज.
३. कोड लिहून घ्या. मगच पुसा.
४. एकाने गाडी चालवा, दुसऱ्याने स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघा. सरळ रस्त्यावर एक चाक शून्य दाखवतंय किंवा मागे पडतंय, तिथे शोधा.
५. ते चाक खोला. कपलर, वायर, सेन्सरचं टोक, रिंग, बेअरिंगचा खेळ बघा.

या कामाला वेळ लागतो, डोकं लागतं. मग त्याचे पैसे का नाही? समजा तुम्ही ५०० रुपये निदान फी ठेवली आणि नुसता कपलर साफ करून काम झालं. गिऱ्हाइकाचा सेन्सरचा खर्च वाचला, तुमची मेहनत वसूल झाली. फुकटवाल्याला मात्र तिथे पार्ट विकल्याशिवाय चूल पेटवता येत नाही.

"पण गिऱ्हाईक पैसे देत नाही हो सर!" देतं. फी आधी सांगा, तपासलेल्या गोष्टी कागदावर लिहून द्या, जुना पार्ट हातात द्या. सुरुवातीला काही जण परत जातील, जाऊ द्या.

आणि एक गोष्ट कुणी कितीही पैसे दिले तरी करायची नाही: फ्यूज काढून, बल्ब काढून दिवा "बंद" करणं. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक बहुतेक चालू असतात, पण एबीएस नसतं, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. सोबत लाल ब्रेकचा दिवाही असेल तर गाडी चालवत नेऊ देऊ नका, टोइंग बोलवा.

आजच तुमच्या रेटकार्डवर पहिली ओळ लिहा: "तपासणी फी". बाकीचे रेट त्याच्या खाली.