सूट नको, परीक्षा घ्या!

नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघालं की मार्गासनीच्या पुढे तोरणा समोर उभा राहतो. त्याच रस्त्यालगतच्या एका गावात माझा शाळेतला मित्र राहतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी बैल बांधायचे, तिथं आता ताडपत्रीखाली एक गाडी असते. दोन सीट, वर छप्पर नाही, लांबलचक नाक. चौकोनी पाइप वेल्ड करून त्यानं चेसी स्वतः बनवली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल भंगारातल्या प्रीमियर पद्मिनीचा. दिसायला ती १९५७ च्या लोटस सेव्हनसारखी. गावात तिला सगळे 'विमान' म्हणतात. अजून ते शेताच्या बांधापलीकडे गेलेलं नाही.

दिवाळीत गेले तेव्हा पद्मिनीचं इंजिन खाली काढून ठेवलं होतं आणि चेनब्लॉकला मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन लटकत होतं.

"फियाटच्या इंजिनात दम नाही गं. चाळीस घोडे फक्त. हे ऐंशीचं आहे."

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

तो जरा गप्प झाला. "चारही ड्रमच आहेत. पुढं डिस्क बसवणारे. पण त्या नीट बसल्यात की नाही, हे तपासून देणार कोण?"

दोस्तांनो, आजचा विषय त्याच्या याच प्रश्नाचा आहे.

रील्समध्ये इंजिन बदलणं तीस सेकंदांत उरकतं. जुनं काढलं, नवं ठेवलं, स्टार्टर मारला, टाळ्या. खऱ्या शेडमध्ये तसं नसतं. नव्या इंजिनाचे माउंटिंग जुळत नाहीत, म्हणून ब्रॅकेट बनवावे लागतात. गिअरबॉक्स बदलला की मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट लांबीला चुकतो. तो कापून जोडला आणि बॅलन्स केला नाही, तर वेगात गाडी थरथरते. रेडिएटर कमी पडतो. पुढचं वजन बदलतं, म्हणून स्टिअरिंगचा हात बदलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताकद दुप्पट झाली तरी ब्रेक आपोआप दुप्पट होत नाहीत. पाबे घाट किंवा वरंधा घाट उतरताना सतत दाबलेले ड्रम ब्रेक तापतात आणि पकड सोडू लागतात. भोर-वेल्ह्यात गाडी शिकलेल्या प्रत्येकाला घरच्या मोठ्यांनी हे सांगितलेलं असतं: उतारावर गिअरमध्ये राहा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नको.

म्हणून कायद्याला सरसकट नावं ठेवायला मी बसलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे होतील असे बदल मालकानं करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. रस्ता आपल्या एकट्याचा नसतो. समोरून दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या काकांनी आपल्या वेल्डिंगवर का भरवसा ठेवावा? अगदी रास्त प्रश्न आहे.

पण माझ्या मित्राची अडचण त्याच्याही अलीकडची आहे. त्याच्या गाडीला नोंदणीच नाही, कारण तिला 'कंपनी'च नाही. पद्मिनीचे जुने कागद वापरावेत, तर चेसी वेगळी, म्हणजे ती सरळ फसवणूक. नवी नोंदणी करावी, तर गाडीच्या नमुन्याला आधी मान्यता लागते, आणि ती सगळी व्यवस्था एकाच साच्याच्या हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. विंटेज म्हणून नोंदवावी, तर २०२१ च्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि तिची चेसी, बॉडी, इंजिन मूळ रूपातलं हवं. एका कार्यालयात त्यानं विचारून पाहिलं. उत्तर मिळालं, "असलं काही नसतं. घरी ठेव." म्हणजे तो नापास झालेला नाही. त्याला परीक्षेलाच बसू दिलेलं नाही.

हे काही आजचं नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये स्वतःच्या डोक्यानं छोटी मोटार बनवली. शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढची वीसेक वर्षं ते 'मीरा'च्या सुधारित आवृत्त्या काढत राहिले. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या जागी पाण्यानं थंड होणारं इंजिनही त्यांनी आणलं. मीरा कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. अगदी अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि २०२२ च्या सुरुवातीला त्या जीपच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण विचार करा, घरी गाडी बनवणाऱ्याला आपण देऊ शकलो ते सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे कारखान्यात बनलेली गाडी.

आता मित्राच्या गाडीची मूळ प्रेरणा पाहू. ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन सुट्या भागांच्या किटमध्येही विकली जायची. घरी जोडली की तयार गाडीवरचा खरेदी कर वाचायचा. हजारो लोकांनी गॅरेजमध्ये गाड्या जोडल्या आणि मनाला येईल ती इंजिनं बसवली. म्हणून तिथल्या सरकारनं डोळे मिटले नाहीत आणि दारही लावलं नाही. एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू केली. ब्रेक, सीटबेल्ट जिथं अडकवतात त्या जागा, दिवे, धूर, अंगाला लागतील अशा कडा, सगळं तपासायचं. पास झाली की नोंदणी. बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला तर तिथं अनेक वर्षं चक्क गुणपत्रिका होती. मूळ चेसीचे ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे प्रत्येकी २, इंजिनाचा फक्त १. १४ पैकी ८ मिळाले की गाडीची जुनी ओळख कायम.

तुम्ही म्हणाल, ते ब्रिटन, इथं कसं जमणार? इथंही जमलेलं आहे. दोन उदाहरणं देते.

पहिलं, आपलाच कायदा पेट्रोल गाडीला मान्यताप्राप्त किट लावून सीएनजीवर किंवा बॅटरीवर चालवायला वाट देतो. म्हणजे गाडीचं हृदय बदलता येतं, फक्त ते तपासलेलं हवं, हे तत्त्व आपण मान्य केलंच आहे.

दुसरं उदाहरण तर तुमच्या कॅम्पसमध्येच आहे. फॉर्म्युला भारत, सुप्रा यांसारख्या स्पर्धांसाठी इंजिनिअरिंगची पोरं स्वतः रेसिंग कार बनवतात. अनेक टीम चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन त्यात बसवतात. मोटारसायकलचं इंजिन चारचाकीत! पण ट्रॅकवर जाण्याआधी तपासणी असते. गाडी तिरकी करून पेट्रोल गळतं का बघतात, आवाज मोजतात, जोरात ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक होतात का ते पाहतात. नाही झाली, तर शर्यत नाही. कुणी कुरकुर करत नाही.

मग ही परीक्षा डिग्रीच्या पोरांनाच का? वेल्ह्याच्या शेडमधल्या आयटीआयवाल्याला का नाही? त्याचं वेल्डिंग कुठल्याही टीमच्या तोडीचं आहे. त्याच्याकडे नाही ते फक्त कॉलेजचं लेटरहेड. वाहनं तपासणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. त्याच्या शेडपासून ती दोन तासांच्या आत आहे.

काहींना भीती वाटेल की असं दार उघडलं तर बुलेटचे फटाके आणि वडापच्या जुगाडांचा सुळसुळाट होईल. मला उलट वाटतं. आज प्रामाणिक पोरगा गाडी ताडपत्रीखाली झाकतो आणि बेफिकीर पोरगा रात्री घाटात काढतो. वाट नसली की दोघं सारखेच गुन्हेगार ठरतात, मग प्रामाणिक राहण्यात फायदा काय? म्हणून मागणी अशी हवी: घरी बनवलेल्या एका गाडीसाठी एक तपासणी, तिची फी मालकानं भरायची. भाड्यानं चालवायची नाही. इंजिन बदललं की पुन्हा तपासणी. चेसीची गणितं जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं तपासून द्यावीत. यात तुमचंही काम आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? विकतचा रिपोर्ट बाइंड करण्यापेक्षा अशा एखाद्या शेडमध्ये जा.

आणि तोवर? तोवर नंबर नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. मित्रालाही हेच सांगितलं. तो हसला, म्हणाला, "आधी डिस्क बसवतो. परीक्षा कधी लागेल सांगता येत नाही, अभ्यास तरी पूर्ण हवा."

जिप्सीचं इंजिन अजून चेनब्लॉकलाच आहे. तो अभ्यासाला लागलाय. पेपर काढणाऱ्यांनीही आता मनावर घ्यावं.