स्वराज्याचे मीठ

अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे १९३० साली खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करून वऱ्हाडाने कायदा मोडला. त्या काळी कायदेभंग हाच धर्म होता. कारण कायदा परक्यांचा होता. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना आमची, कायदा आमचा. मग तो पाळणे हाच आता धर्म नव्हे काय? १९४२ साली कारावास भोगलेल्या तुकडोजी महाराजांनी स्वातंत्र्यानंतरही अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून प्रार्थनेबरोबर ग्रामसेवाच शिकविली. अंबादेवीपुढे हात जोडावयाचे आणि पेढीवर खोटे माप घालावयाचे, ही भक्ति नव्हे. सीमा सैन्य राखील. पण आतून लागलेली वाळवी कोण मारणार? ज्या स्वराज्याचे मीठ आपण खातो, त्यास जागणे हीच खरी ईश्वरसेवा होय.